मुदांसच्या खोलीपासून हॉटेलांच्या गावापर्यंत : कळंगुटची वाढ

कळंगुटचा इतिहास बहुतेक लोक हिप्पींपासून सुरू करतात. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पुढे काही वर्षांत लांब केसांचे गोरे आले आणि गाव पर्यटनाला लागलं, असं आपण ऐकत आलो. मला हे अर्धंच पटतं. हिप्पी आले तेव्हा त्यांना भाड्याची खोली मिळाली. ती खोली आधीपासून तिथे होतीच की! ती कुठून आली, इथूनच सुरुवात करू.

बार्देश १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळं मोडली, तेव्हा कळंगुटची शांतादुर्गा गाव सोडून डिचोली महालात नानोड्याला गेली. आजही तिला कळंगुटकरीण म्हणतात. गावात इगर्ज उभी राहिली. सांत आलेशच्या इगर्जीची आजची इमारत १७४१ ची. पण वाळूचं गाव ते. थोडं भात, माड आणि रापणीची मासळी, एवढ्यावर वाढती कुटुंबं चालत नव्हती. म्हणून बार्देशातली माणसं मुंबईला, जहाजांवर, पूर्व आफ्रिकेत नोकरीला गेली. त्यांनी पैसे पाठवले, त्यातून बाल्कांव असलेली मोठी घरं झाली. कर्ती माणसं परदेशात, घरात एखादी म्हातारी, आणि चार खोल्या रिकाम्या.

या खोल्या मुदांसला उपयोगी पडल्या. 'मुदान्सा' म्हणजे पोर्तुगीजमध्ये बदल. गोव्यात त्याचा अर्थ हवापालट. एप्रिल-मे महिन्यांत आतल्या गावांतली खाऊनपिऊन सुखी कुटुंबं गाद्या, भांडी, तांदूळ घेऊन कळंगुटला यायची आणि घराचा एक भाग भाड्याने घ्यायची. पणजीहून लाँचने बेतीला, तिथून कारेर. पहाटे खाऱ्या पाण्यात आंघोळ, ती अंगदुखीला आणि कातडीला चांगली अशी समजूत. ही समजूत हिंदू-ख्रिस्ती दोघांचीही. सूझा लोबो हे खानावळवजा हॉटेल १९३२ पासूनचं, म्हणजे मुक्तीच्या जवळजवळ तीस वर्षं आधीचं.

मुदांसची एक गोष्ट मला इंजिनियर म्हणून महत्त्वाची वाटते. ही गर्दी दोन महिन्यांची होती आणि तिच्या पाठोपाठ पाऊस यायचा.

याचं महत्त्व कळायला वाळूखालचं पाणी समजून घ्यायला हवं. किनाऱ्यावरच्या विहिरीला गोडं पाणी लागतं, कारण पावसाचं पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. हिशेब साधारण असा की समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट असतं. उलटंही तेवढंच खरं. उपसा करून वरची पातळी एक फूट उतरवली आणि तशीच ठेवली, तर खालून खारं पाणी हळूहळू चाळीस फूट वर येऊ पाहतं. वाळूच्या टेकड्या हा या पाण्याचा साठा. त्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांना मर्यादवेल धरून ठेवते. या वेलीचं नाव ज्याने ठेवलं, त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

पुढची वाढ भराभर झाली. साठच्या दशकाच्या अखेरीस हिप्पी आले आणि मुदांसच्याच खोल्यांत राहिले. १९७४ मध्ये शेजारी सिकेरीला आग्वादच्या तटाला लागून ताजचं मोठं हॉटेल झालं. याच दशकात ट्रॉलर आले, रापणीला मासळी कमी मिळू लागली आणि रापणकार रस्त्यावर उतरले. ज्यांच्या होड्या वाळूवर पडून राहिल्या, त्यांतल्या काहींनी शेजारीच माडाच्या झावळ्यांखाली खाणावळी काढल्या. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुलातल्या देशांचे प्रमुख विश्रांतीला गोव्यात आले, जगाच्या वर्तमानपत्रांत किनारा झळकला. १९८७ मध्ये राज्य झालं, त्याच वर्षी जर्मनीहून चार्टर विमान आलं. भरतीरेषेपासून पाचशे मीटरच्या पट्ट्यातल्या बांधकामाला आवर घालणारी केंद्राची अधिसूचना निघाली ती फेब्रुवारी १९९१ मध्ये.

ती निघण्याआधीच्या घाईत मीही होतो. नुकता डिप्लोमा झालेला, एका कंत्राटदाराकडे साइटवर. काम दोन मजली गेस्ट हाऊसचं. प्लॉटच्या पश्चिमेला वाळूची टेकडी होती, पुरुषभर उंच, वर मर्यादवेल. मालकाला खोलीतून समुद्र दिसायला हवा होता. दोन दिवसांत आम्ही ती काढली आणि तीच वाळू जोत्यात भरली, भरावाचा खर्च वाचला म्हणून माझं कौतुक झालं. शेजारच्या घरातली म्हातारी बाल्कांवात बसून बघत होती. म्हणाली, "बांय खारी जातली, पात्रांव." मी हसलो. एका टेकडीने काय होतं, असं मला वाटलं होतं.

एका टेकडीने फारसं होत नाही, हे आजही खरं आहे. पण प्रत्येक प्लॉटवर एक टेकडी आणि एक मी होतो. शिवाय मोसम दोन महिन्यांचा राहिला नव्हता. ऑक्टोबरपासून मेपर्यंत पंप चालू, आणि शौचटाकीचं पाणी त्याच वाळूत मुरवलेलं. बऱ्याच वर्षांनी मी मुद्दाम तिथे गेलो. म्हातारी नव्हती. तिच्या विहिरीवर स्लॅब टाकली होती आणि अंगणात टँकर उभा होता. नळाशी हात धुताना पाणी जिभेला लावून पाहिलं. मचूळ होतं.

पर्यटनाने गाव बिघडवलं, असं सरसकट म्हणायला मी तयार नाही. त्याच पैशावर मुलं शिकली, कित्येकांना आफ्रिकेचा किंवा आखाताचा रस्ता धरावा लागला नाही. माझं म्हणणं एवढंच की पाहुण्याला खोली देणं कळंगुटला नवीन नव्हतं. नवीन होतं ते पावसाची वाट न पाहणं.

आज कळंगुटच्या नळाला जे पाणी येतं, त्याचं शुद्धीकरण अस्नोड्याच्या प्रकल्पात होतं. अस्नोडा नानोड्याच्या शेजारी आहे. जी देवी चारशे वर्षांपूर्वी गावाबाहेर गेली, तिच्या शेजारून आता गावाला पाणी आणावं लागतं. कळंगुटला गेलात तर समुद्राकडे जाण्याआधी एखाद्या जुन्या घराची विहीर बघा, आणि घरच्यांना विचारा ती कधी बंद केली. गावाच्या इतिहासातलं ते वर्ष अजून कुणी लिहून ठेवलेलं नाही.