‘दत्तकपणा’ : ख्रिस्ती विचारातील एका संज्ञेचा इतिहास

१

‘हुइओथेसिया’ ही ग्रीक संज्ञा नव्या करारात केवळ पौलाच्या नावावर असलेल्या पत्रांत आढळते, आणि तीही अवघी पाच वेळा : रोमकरांस पत्रात तीनदा (८:१५, ८:२३, ९:४), गलतीकरांस पत्रात एकदा (४:५) व इफिसकरांस पत्रात एकदा (१:५). हिब्रू शास्त्राच्या ‘सेप्टुअजिंट’ या प्राचीन ग्रीक भाषांतरात ती कोठेही नाही. ‘हुइओस’ म्हणजे पुत्र व ‘थेसिस’ म्हणजे स्थापना. तेव्हा पुत्राच्या ठिकाणी स्थापन करणे हा तिचा व्युत्पत्त्यर्थ होय. ही संज्ञा भक्तीच्या भाषेत घडलेली नाही. ऱ्होड्स बेटावरील शिलालेखांत जन्मदात्याहून निराळ्या पित्याचे नाव सांगताना ती येते. म्हणजे मुळात हा व्यवहाराचा, दप्तरातला शब्द. तो ईश्वर आणि मनुष्य यांच्या नात्यासाठी योजला गेला तेव्हा त्याच्याबरोबर काय आले, आणि मराठीत ‘दत्तकपणा’ या रूपाने उतरताना त्यात काय पालटले, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

योहानाच्या लेखनात विश्वासणाऱ्यांना ईश्वराची ‘मुले’ म्हटले आहे व तेथे रूपक जन्माचे आहे. ‘पुत्र’ हा शब्द त्याने येशूसाठी राखून ठेवला आहे. पौल मात्र कायद्याकडे वळतो. जन्माचे रूपक स्वभाव पालटल्याचे सांगते, तर दत्तकाचे रूपक स्थान पालटल्याचे.

२

रोमन कायद्यात दत्तविधानाचे दोन प्रकार होते. पित्याच्या सत्तेखालील मुलास दुसऱ्याच्या सत्तेत देणे ही ‘अडॉप्टिओ’, आणि स्वतंत्र पुरुषाने स्वतःस दुसऱ्याच्या सत्तेत सोपविणे ही ‘अड्रोगातिओ’. पहिल्या प्रकारात पित्याने मुलाची तीनदा लटकी विक्री करावी लागे. त्याशिवाय त्याची सत्ता संपत नसे. दुसऱ्या प्रकारात मनुष्य आपल्या कुलदेवतांच्या पूजेपासून मुक्त होई व नागरी कायद्याने त्याची जुनी कर्जे बुडत. धनकोंसाठी प्रेटरला वेगळा उपाय योजावा लागला. जुने नाते पूर्णपणे तुटणे आणि नव्या घरात औरसाइतकाच वारसाहक्क मिळणे, ही या विधीची दोन अंगे होत.

रोममधील वाचकांस हा विधी केवळ न्यायालयापुरता परिचित नव्हता. इ. स. ५० मध्ये सम्राट क्लॉडियसने, स्वतःचा पुत्र ब्रिटानिकस हयात असताना, नीरोस दत्तक घेतले. ५४ मध्ये नीरो गादीवर आला. ५५ मध्ये ब्रिटानिकसचा अंत झाला व तो विषप्रयोगाने झाला असे रोमन इतिहासकार सांगतात. रोमकरांस पत्र सामान्यतः ५७ च्या सुमाराचे मानले जाते. दत्तक पुत्राने औरसास दूर सारल्याचे उदाहरण राजवाड्यात ताजे असताना, विश्वासणारे हे ख्रिस्ताचे ‘सहवारस’ आहेत असे पौल त्याच नगरीस लिहितो, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

तथापि सारा अर्थ रोमन कायद्यातून काढणे युक्त होणार नाही. फ्रान्सिस लायल यांनी १९६९ मध्ये रोमन पार्श्वभूमीचा पक्ष मांडला. जेम्स स्कॉट यांनी १९९२ च्या ग्रंथात दाविदाच्या वंशजास ईश्वर पुत्र मानील या शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील वचनाकडे (७:१४) लक्ष वेधले. रोम. ९:४ मध्ये पौल ही संज्ञा इस्राएलास लावतो, यावरून दुसऱ्या पक्षास बळ मिळते. आमच्या मते आशय इस्राएलाच्या अभिवचनाचा आणि साचा ग्रीक-रोमन व्यवहाराचा, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

३

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येतो. ३२५ च्या निकाया परिषदेने ख्रिस्ताचे पुत्रत्व स्वाभाविक, अनादि ठरविले. त्यामुळे दत्तकपणा हा केवळ मनुष्यांचा, कृपेने लाभणारा, हा भेद स्थिर झाला. आठव्या शतकात टोलेडोचा एलिपांडस व उर्गेलचा फेलिक्स यांनी मनुष्य या नात्याने ख्रिस्तासही दत्तक म्हटले, आणि ७९४ च्या फ्रँकफुर्ट परिषदेने ते मत निषिद्ध केले. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये नीतिमान ठरण्याची व्याख्या करताना ही संज्ञा वापरली. सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राने तिला स्वतंत्र प्रकरण दिले.

४

मराठी बायबलात रूढ झालेला ‘दत्तकपणा’ हा शब्द याहून निराळ्या कायद्यातून आला आहे. ग्रीक संज्ञेचा भर स्थापनेवर, लॅटिन संज्ञेचा निवडीवर, तर ‘दत्तक’ या संज्ञेचा दानावर आहे. धर्मशास्त्रात जन्मदात्याने देणे व दुसऱ्याने स्वीकारणे यावाचून दत्तक सिद्ध होत नाही. पौलाच्या मांडणीत असा दाता कोणीच नाही. गलतीकरांस पत्रात पूर्वस्थिती दास्याची असून खंडणी भरून सुटका झाल्यावर पुत्रत्व मिळते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातील बारा पुत्रांपैकी ‘क्रीत’ किंवा ‘कृत्रिम’ हे प्रकार त्यास अधिक जवळचे. परंतु कलिवर्ज्य प्रकरणाने औरस व दत्तक यांवाचून इतर पुत्र त्याज्य ठरविले होते. महाराष्ट्रात व्यवहारात जिवंत राहिलेला शब्द हाच.

जन्मदात्याचे गोत्र व धन यांवरील हक्क सुटतो, या बाबतीत तो मूळ अर्थास उत्तम जुळतो. विसंगती दिसते ती हेतूत. दत्तक घ्यावयाचा तो अपुत्राने, पिंडोदकासाठी व वंशासाठी. औरस असता तो घेता येत नाही, व एक असता दुसरा घेता येत नाही. मागाहून औरस जन्मला तर वसिष्ठाच्या मते दत्तकास चतुर्थांशच मिळतो. पौलाच्या विचारात पित्यास पुत्र आहेच, त्यास कसलीही उणीव नाही, तरी तो अनेकांना घेतो आणि वाटा उणा करीत नाही. गरजेवाचून घेतलेला दत्तक ही कल्पना धर्मशास्त्राच्या चौकटीत बसत नाही; पौलाचे म्हणणे नेमके तेच आहे.

एकोणिसाव्या शतकात या शब्दास राजकीय धारही होती. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने गादीपुरता अमान्य केला. १८५४ मध्ये झाशीस तेच झाले. खासगी मालमत्तेस वारस, पण राज्यास नाही, असा हा न्याय होता. ज्या समाजाने हे अनुभवले, त्यास राज्याचे वारस होणाऱ्या दत्तकांची गोष्ट साधी वाटली नसेल.

धर्मांतरितांच्या बाबतीत हा शब्द रूपक राहत नसे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये अशी तरतूद केली. पण पंक्ती, सोयरीक आणि आईबापांचे अंत्यसंस्कार यांतील स्थान कोणताही कायदा परत देऊ शकत नव्हता. जुने नाते तुटणे हे दत्तविधानाचे पहिले अंग त्यांना अक्षरशः भोगावे लागले. दुसरे अंग, म्हणजे नव्या घरातील पूर्ण अधिकार, त्यांना मंडळीत कितपत लाभले, हा सामाजिक इतिहासाचा प्रश्न आहे. जातिभेद मंडळीच्या दारातही शिरला, हे तर विदितच आहे.

सारांश, ‘दत्तकपणा’ हा प्रतिशब्द सदोष म्हणून टाकण्याजोगा नाही. त्यातील दानाची छटा मूळ संज्ञेत नाही, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे. परंतु तो जेथे अपुरा पडतो तेथेच पौलाचे वेगळेपण मराठी वाचकास स्पष्ट होते. १८११ मध्ये श्रीरामपूर येथे छापलेल्या मराठी नव्या करारापासून पंडिता रमाबाईंच्या १९२४ मधील बायबलापर्यंत या पाच स्थळांची क्रमवार तुलना केल्यास, मराठीतील नातेवाचक व कायदेविषयक शब्दसंपत्तीवरही प्रकाश पडेल.