छायाचित्र आणि घराची मर्यादा

छायाचित्रणाची कला आपल्या प्रांतांत नवी नाहीं. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ सालीं. त्या काळीं माणसाचें चित्र निघे तें त्याच्या संमतीनें, आणि राही घरच्या भिंतीवर किंवा ट्रंकेच्या तळाशीं. १८८८ सालीं ईस्टमनचा हातांत मावणारा कोडॅक कॅमेरा निघाला आणि संमतीची ही अट सैल झाली. दोनच वर्षांनीं, १८९० मध्यें, वॉरन व ब्रँडाइस या अमेरिकन विधिज्ञांनीं खाजगीपणाच्या हक्कावर निबंध लिहिला. क्षणांत टिपलेलीं छायाचित्रें हें त्याचें एक निमित्त होतें.

यंत्र पुढें व कायदा मागें, हाच क्रम आमच्याकडेही दिसतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. परंतु संमतीवांचून कोणाच्या खाजगी अंगाचें चित्र घेण्यास वा पसरविण्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगणारें ६६-ई कलम आलें तें २००८ च्या दुरुस्तीनें. खाजगीपणा हा मूलभूत हक्क होय, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय तर २४ ऑगस्ट २०१७ चा.

आज हिंजवडीच्या आयटी पार्कांत काम करणारीं तरुण जोडपीं बाळाच्या बारशाचें चित्र एका क्षणांत जगभर पाठवूं शकतात. त्या चित्रासोबत घराचें ठिकाण व वेळही नोंदलेली असूं शकते. आणि इतरांनीं उतरून घेतलेल्या प्रती परत मागतां येत नाहींत. म्हणून ठिकाणाची नोंद आधीं काढावी, पाहणारे मोजके ठेवावे, आणि चित्रांतील माणसास विचारावें. बाळास विचारतां येत नाहीं. त्याच्या वतीनें संयम आईबापांनींच राखावयाचा. कायदा उशिरां येतो, हें इतिहासानें दाखविलें आहे. तोंवर घराची मर्यादा घरानेंच सांभाळली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.