बॉयलरखोलीतला इतिहास

'विक्रांत' म्हटले की आम्हाला १९७१चे युद्ध आठवते आणि युद्ध म्हटले की डेकवरून झेपावणारी 'सी हॉक' विमाने. ४ डिसेंबर १९७१ रोजी त्यांनी कॉक्स बाजारवर आणि चितगाववर हल्ले चढवले. त्या विमानांच्या कितीतरी खाली, जहाजाच्या पोटात जे घडत होते, त्याकडे मात्र आमचे लक्ष क्वचितच जाते.

मुळात हे जहाज दुसऱ्या महायुद्धाचे अपत्य. 'हर्क्युलीस' या नावाने १९४५ साली ते पाण्यात उतरले, पुढे काम अर्धवट राहिले. १९५७ साली भारताने ते विकत घेतले आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ते आपल्या नौदलात दाखल झाले. जून १९७०मध्ये मुंबईच्या गोदीत तपासणी झाली तेव्हा बॉयलरच्या ड्रमांना तडे गेलेले आढळले. वेल्डिंगने ते सांधण्याजोगे नव्हते आणि नवे ड्रम देशात मिळत नव्हते. अखेर वाफेचा दाब कमी ठेवून जहाज समुद्रात न्यायचे ठरले. ताशी चोवीस नॉटच्या आसपास धावणारे हे जहाज १९७१ सालच्या चाचण्यांत चौदा नॉटवर आणले गेले.

विमानवाहू जहाजाच्या बाबतीत वेग हा केवळ प्रवासाचा प्रश्न नसतो. विमानाला उडण्यासाठी समोरून वारा हवा. तो कमी असला, तर जहाजाने स्वतः धावून ती उणीव भरून काढायची. विमानाला पुढे फेकणारे कॅटापल्टही वाफेवरच चालणारे. म्हणजे वैमानिकाचे उड्डाण अखेर तडा गेलेल्या ड्रमावर आणि त्याच्यापाशी उभ्या असलेल्या माणसावर अवलंबून होते. आकाश न पाहता, दाबमापकाच्या काट्यावर नजर ठेवून त्याने जे युद्ध लढले, त्याचे छायाचित्र कोण काढणार?

३१ जानेवारी १९९७ रोजी विक्रांत निवृत्त झाली. पुढे संग्रहालय म्हणून ती मुंबईत उभी असताना आम्ही मुंबईकर तिला पाहायला गेलो, ते बहुधा विमानांसाठीच. २०१२ साली संग्रहालय बंद झाले, २०१४ साली दारूखान्यात तिचे तुकडे झाले. पोलादाबद्दल आम्ही हळहळलो, आणि ते रास्तच होते. परंतु जहाज म्हणजे नुसते पोलाद नव्हे. कोणत्या आवाजाने घाबरावे आणि कोणत्या आवाजाकडे दुर्लक्ष करावे, ही तिथे वावरलेल्यांच्या अंगात मुरलेली समज म्हणजेही जहाजच.

२ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झालेल्या नव्या विक्रांतला गॅस टर्बाइन चालवतात. तिची विमाने वर वळलेल्या धावपट्टीवरून उडतात, कॅटापल्ट तिथे नाही. त्यामुळे जुनी समज तिच्यावर शिकता येणार नाही. १९७१ साली विशीत असलेले नौसैनिक आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. सेनापतींच्या आठवणी छापल्या जातात. बॉयलरपाशी उभे राहिलेल्यांच्या आठवणी कुणी विचारल्या, तरच उरतील. आमच्या भाषेत, आमच्या गावांत निवृत्त होऊन राहिलेल्या अशा माणसांना तरी आम्ही अजून विचारू शकतो.