रेवदंड्याच्या तटाआड

दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे काशीदच्या किनाऱ्यावर पोचायच्या घाईत असतात, रेवदंड्याला गाडीसुद्धा थांबवत नाहीत. माझ्याकडे आलेल्याला मी आधी तिथेच उतरवतो. रस्ता किल्ल्याच्या तटातूनच आत शिरतो, आणि आत किल्ला कमी, नारळी-पोफळीच्या वाड्याच जास्त. अंगणात सुपारी वाळत असते आणि पलीकडे छप्पर उडालेल्या चर्चची भिंत उभी. सातखणी मनोऱ्याचे वरचे मजले केव्हाच ढासळले.

शेजारचं चौल बंदर याहून फार जुनं. प्राचीन भूगोलकार टॉलेमीनं त्याची नोंद केली आहे. तिथे येऊन गेलेल्यांतला मला आवडतो तो अफनासी निकितिन. पंधराव्या शतकातला हा रशियन व्यापारी, वास्को द गामाच्याही आधी, विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या खानानं तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन म्हणाला! घोडा सुटेपर्यंत बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले.

पुढे पोर्तुगीज आले आणि त्यांनी १५२१ मध्ये रेवदंड्याचा किल्ला बांधायला घेतला. १५७०-७१ चा निजामशाहीचा वेढा त्यांनी निभावला. १७४० मध्ये मात्र ठाणं मराठ्यांना द्यावं लागलं. राज्य गेलं, पण खाडीपलीकडच्या कोर्लईत काही ख्रिस्ती घरांत आजही पोर्तुगीज वळणाची बोली चालते, मराठीची फोडणी घातलेली. कोर्लईचा किल्ला दीपगृहाकडच्या पायऱ्यांनी सकाळीच चढावा. दुपारी ऊन भाजून काढतं.