न दुखणाऱ्या गाठीचा इतिहास : टॉमस हॉजकिन

१/ जानेवारी १८३२. गाइज हॉस्पिटलमधील तेहेतीस वर्षांच्या टॉमस हॉजकिनचा एक निबंध लंडनच्या वैद्यकसभेत वाचला गेला. विषय होता, सात रुग्णांच्या सुजलेल्या लसिकाग्रंथी आणि प्लीहा.

२/ मानेवर गाठी दिसल्या की गंडमाळ, हा तेव्हाचा सर्वसाधारण समज. हॉजकिनने सूक्ष्मदर्शकाविना, शवविच्छेदनाच्या आधारे वेगळे मत मांडले : ही सूज अन्यत्र झालेल्या दाहाचा परिणाम नव्हे, रोगाचे मूळ ग्रंथींतच आहे.

३/ निबंध विस्मृतीत गेला. हॉजकिन क्वेकर पंथाचा. हडसन्स बे कंपनीकडून उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींना मिळणाऱ्या वागणुकीवर त्याने टीका केली होती. हॉस्पिटलचे खजिनदार बेंजामिन हॅरिसन याच कंपनीशी संबंधित होते. १८३७ मध्ये हॉजकिनला बढती नाकारली गेली आणि त्याने गाइज सोडले.

४/ पुढे सॅम्युअल विल्क्स यांना हाच रोग स्वतंत्रपणे आढळला. आपल्या आधी हॉजकिनने तो नोंदवला होता, हे कळल्यावर त्यांनी १८६५ मध्ये त्याला ‘हॉजकिनचा रोग’ असे नाव दिले. श्रेय स्वतःकडे ठेवणे सोपे होते. त्यांनी ते परत केले. पुढच्याच वर्षी जाफा येथे आमांशाने हॉजकिनचे निधन झाले.

५/ १८९८ मध्ये कार्ल स्टर्नबर्ग यांनी या ग्रंथींतील राक्षसी पेशींचे वर्णन केले, पण रोग क्षयाचाच प्रकार मानला. १९०२ मध्ये डोरोथी रीड यांनी तो क्षयाहून वेगळा असल्याचे दाखवले. आज त्या पेशी दोघांच्या नावाने ओळखल्या जातात.

६/ हा गोंधळ केवळ इतिहासजमा नाही. क्षयरोग मोठ्या प्रमाणावर असलेल्या आपल्या देशात मानेची गाठ आजही क्षयाची समजली जाऊ शकते. जखमेमुळे आलेले अवधाण दुखते आणि बहुधा ओसरते. मान, काख वा जांघेतील न दुखणारी गाठ आठवडे उलटूनही राहिली किंवा वाढत गेली, तर डॉक्टरांना दाखवावी. वारंवार ताप, कपडे भिजवणारा रात्रीचा घाम, अकारण घटणारे वजन, अंगाला सतत खाज, ही आणखी लक्षणे. अशी लक्षणे असली म्हणजे कर्करोगच, असे नव्हे. निर्णय गाठीचा तुकडा तपासूनच होतो.

७/ हॉजकिनच्या हाती उपचार नव्हता. १९६० च्या दशकात अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि आज या रोगाचे बहुसंख्य रुग्ण बरे होतात. विशीतिशीतल्या तरुणांनाही तो गाठतो, म्हणून हा धागा आपल्यासाठीच. दुखत नाही, एवढ्यावरून गाठ निरुपद्रवी ठरत नाही.