छत्तीसचा आकडा

‘त्या सासूसुनेचा छत्तीसचा आकडा आहे,’ असं आपण सहज बोलून जातो. एकीनं पूर्व म्हटलं की दुसरी पश्चिम म्हणणार. पण छत्तीसच का? पस्तीस का नाही? बरं, छत्तीस काही अशुभ नाही. लग्न जुळवताना पत्रिकेतले छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले, तर आपण पेढे वाटतो.

लेकराची पाटी घ्या, नाहीतर चुलीच्या राखेत बोटानं लिहा : ३६. तीनचं तोंड डावीकडं, सहाचं उजवीकडं. दोघं पाठीला पाठ लावून बसलेत. आता उलटं लिहा : ६३. दोघं समोरासमोर, जणू गप्पा मारतायत. म्हणजे दोष त्या संख्येचा नाही. भांडण दिसतं ते आकड्यांच्या बसण्यात.

हे भांडण फार जुनं असणार नाही. का, ते सांगते. गोदावरीपलीकडं पैठणला सातवाहनांची राजधानी होती. त्या घराण्यातल्या नागनिका राणीचा लेख जुन्नरजवळ नाणेघाटाच्या लेण्यात कोरलाय, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांची मोजदाद त्यात आकड्यांनी केलीय. त्या काळी तीन म्हणजे तीन आडव्या रेघा. भरभर लिहिताना त्या जोडल्या गेल्या आणि पुढं आपला ३ झाला. दहा, वीस, तीस यांना तेव्हा वेगवेगळ्या खुणा होत्या. छत्तीस लिहायचे तर तिसाची खूण आणि शेजारी सहाची. त्यात तीन नव्हताच, मग पाठ कोण फिरवणार?

जागेवरून आकड्याची किंमत ठरवायची रीत नंतरच्या शतकांत रुळली. दहाच चिन्हांत सगळा हिशेब बसू लागला. तेव्हा कुठं तीन आणि सहा शेजारी आले, आणि त्यांचा रुसवा लोकांच्या नजरेत भरला.

ही जागेची किंमत आपल्या बीडच्या बायांना ठाऊक हवीच. ऊसतोडीला निघताना नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात आणि त्यावर उचल मिळते. समजा, घेतली ३६ हजार आणि वहीत लिहिली गेली ६३ हजार. आकडे तेच, जागा बदलली, आणि डोक्यावर २७ हजार जास्तीचे बसले. हे ६३ दिसायला गोड, पण फेडायला जड. म्हणून अंगठा उठवण्याआधी आकडा स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या, आणि आपल्या वहीतही उतरवून ठेवा.

आणि घरातल्या छत्तीसचं काय? तिथं मात्र खुशाल जागा बदला. सासूनं घटकाभर सुनेच्या जागी बसावं, सुनेनं सासूच्या. तोंडं समोरासमोर येतील.