उकिरड्याचे पांग

शनिवारी सकाळी आमच्या घरात गादी बदलते. माणसांची नव्हे, गिनीपिगांची. कोंबड्या पाळणारे लोक शेडमध्ये पसरलेल्या भुशाला ‘गादी’ म्हणतात. तासगावकडचा हा शब्द मी जर्मनीतल्या नेकारसुल्मला सोबत आणला तेव्हा तो कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. सुपलीनं भिजलेला लाकडी भुसा खरवडायचा, कोपऱ्यातल्या लेंड्या झाडायच्या, तुडवलेलं गवत उचलायचं. जनावरं अकरा. आठवड्याला दोन पोती भरून निघतात.

अकरा कशी झाली, ते एकदा सांगून टाकते. लेकीच्या हट्टापायी दोन घेतली. दुकानदारानं ‘दोघी बहिणी आहेत’ म्हणून दिली आणि त्यातली एक भाऊ निघाली. दोन महिन्यांनी तीन पिल्लं झाली. गिनीपिगाची मादी व्याल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते, हे मला तेव्हा कुठं ठाऊक? नर वेगळा करायला आम्हाला एका दिवसाचा उशीर झाला आणि पुढच्या खेपेला चार झाली. पहिल्या खेपेतल्या एका कारटीनं आणखी दोघांची भर घातली. मग डॉक्टरांकडे जाऊन नरांच्या शस्त्रक्रिया उरकल्या आणि बेरीज एकदाची थांबली.

बेरीज थांबली, पोती थांबली नाहीत. इमारतीच्या मागं कचऱ्याचे डबे रांगेत उभे असतात: कागदाचा वेगळा, ओल्याचा वेगळा आणि ज्याचं काहीच करता येत नाही अशा उरल्यासुरल्याचा वेगळा. हा शेवटचा डबा आमच्याच पोत्यांनी भरायला लागला, तेव्हा शेजाऱ्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. मोठा डबा घ्यायचा तर वर्षाचे पैसे वाढतात. ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकावं, तर त्याचे नियम जर्मनीत जिल्ह्यागणिक बदलतात. कुठं गवत आणि भुसा चालतो, कुठं तोही नको असतो. मांजराची खनिज वाळू तर त्यात टाकायचीच नसते.

हे सगळं मी एका रविवारी फोनवर आण्णांना ऐकवलं. तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. आण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “म्हंजे लेंड्या टाकायला तू पैसं देतीस?”

“होय.”

“आन् हितं मी लेंड्या आणायला पैसं देतोय.”

त्या वाक्यानं मला नेकारसुल्मच्या इतिहासात ढकललं.

सुल्म नावाची लहान नदी नेकारला मिळते तिथलं हे गाव. जगाला ते मोटारींमुळं माहीत आहे, पण त्याचा मूळ धंदा द्राक्षाचा. गावाच्या डोक्यावर शॉयरबर्ग नावाची टेकडी आहे आणि तिचा उतार वेलींनी भरलेला आहे. इथल्या द्राक्षवाल्यांनी १८५५ साली एकत्र येऊन संस्था काढली. जर्मनीतल्या द्राक्ष सहकाराच्या अगदी सुरुवातीच्या संस्थांत तिची गणना होते. सहकाराच्या जिल्ह्यातून आलेल्या मला हे वाचून उगाचच माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं.

उतारावरच्या बागेची दोन दुखणी. पावसानं माती खाली येते, ती पुन्हा वर न्यायची. वेल जमिनीतलं सत्त्व ओढून घेतो, ते खतानं परत द्यायचं. गाडी चढत नाही अशा जागी दोन्ही ओझी पाठीवरच्या टोपलीतून वर जात. रासायनिक खत येण्याआधी शेण कुठून आणायचं, हाच द्राक्षवाल्याचा खरा प्रश्न होता. वेलीखाली चारा होत नाही आणि चारा नाही तर जनावर नाही. म्हणून शेळी, ससा, कोंबडी, जे काही घरामागं मावेल त्याची विष्ठा मोलाची. दक्षिण जर्मनीतल्या खेड्यांत शेणाचा ढीग घराच्या पुढ्यात, रस्त्याकडेला रचत. ज्याचा ढीग मोठा त्याचा गोठा मोठा, आणि मुलगी देताना लोक तो ढीगही बघून ठेवत. आपल्याकडं उकिरडा घरामागं, इथं तो दारात मिरवायचा.

पण शहरांना हा डौल परवडत नव्हता. इथून साठेक किलोमीटरवर असलेल्या श्टुटगार्टमध्ये काउंट एबरहार्डच्या काळात, १४९२ साली, शहराचे नियम झाले. प्रत्येकानं आपलं शेण आठवड्याला बाहेर न्यावं, ज्याच्या घरी शौचकूप नाही त्यानं घाण रात्री ओढ्यावर नेऊन टाकावी, असं त्यांत होतं. श्वाबेन भागातली ‘केरवोखे’ची परंपरा लोक तिथपर्यंत मागं नेतात. वोखे म्हणजे आठवडा आणि केर म्हणजे झाडणं. आपल्या ‘केर’शी त्याचं नातं नसेलही, पण जिना झाडताना मला ते सख्खं वाटतं. ज्या घराची पाळी असेल त्याच्या दाराला छोटी पाटी लटकवतात. आमच्या दाराला ती पहिल्यांदा लागली तेव्हा ‘आता आपण इथले झालो’ असं नवऱ्यानं घोषित केलं.

नेकारसुल्मला मात्र तो १४९२चा हुकूम लागू नव्हता. हे गाव १४८४ पासून ट्यूटॉनिक ऑर्डर या धर्मयोद्ध्यांच्या संघाकडे होतं, ते १८०५ पर्यंत. त्यांचा वाडा आजही गावात उभा आहे. आणखी एक योगायोग असा की त्याच १४९२ साली कोलंबस समुद्र ओलांडून गेला आणि त्या वाटेनं पुढं गिनीपिग युरोपात आले. जर्मन लोक त्यांना ‘समुद्रापलीकडचं डुकराचं पिल्लू’ अशा अर्थाच्या नावानं ओळखतात. अँडीजच्या डोंगरात हे प्राणी खाण्यासाठी पाळत. ते स्वयंपाकघरात मोकळे हिंडत, भाज्यांच्या साली खात आणि त्यांच्या लेंड्या शेतात जात. म्हणजे माझ्या पिंजऱ्यातल्या जनावराच्या मूळ घरीसुद्धा ‘कचरा’ नव्हताच.

मग कारखाना आला. विणकामाची यंत्रं बनवणारी एक कंपनी १८८० साली इथं स्थिरावली. पुढं तिनं सायकली केल्या, मोटारसायकली केल्या आणि गावाच्या नावातली तीन अक्षरं उचलून स्वतःचं नाव एनएसयू ठेवलं. १९५५ च्या सुमारास ती जगातली सर्वांत मोठी मोटारसायकल उत्पादक होती. कामगार बहुतेक आजूबाजूच्या खेड्यांतले. या भागात बापाची जमीन सगळ्या मुलांत वाटली जाई, त्यामुळं वाटण्या होत होत रानं गुंठ्यांवर आलेली. हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. गुंठ्यावर पोट भरत नाही म्हणून कारखाना, आणि पगार पुरत नाही म्हणून गुंठा. सकाळी पाळी, संध्याकाळी बटाटे, आणि घरामागं सशांची खुराडी.

आमच्या वरच्या मजल्यावर ऐंशी ओलांडलेले एक आजोबा राहतात. पंधराव्या वर्षी ते कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले होते. पिंजऱ्याचा वास जिन्यात येतो, अशी कागदावरची तक्रार आमच्या पेटीत पडली, त्याच आठवड्यात ते दार वाजवून आत आले. मला वाटलं, तक्रार यांचीच. ते पिंजऱ्याजवळ वाकले, दोन बोटांत एक लेंडी धरली, दाबली आणि म्हणाले, “छान आहे. कोरडी आहे. टाकता कुठं?”

मग चहाबरोबर त्यांचं बालपण आलं. १ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं गाव उद्ध्वस्त झालं, तेव्हा ते फार लहान होते. त्यांना आठवतं ते पुढचं. मोडक्या भिंतीला टेकवून आईनं फळ्यांचं तीन मजली खुराडं केलं होतं. त्यात ससे. त्यांना ‘गोठ्यातला ससा’ म्हणत, म्हणजे रानातल्यापासून वेगळा. लेकरांचं काम एकच: शाळेतून आलं की पिशवी आणि विळा घेऊन रुळांच्या कडेला जायचं आणि जंगली पाला आणायचा. चांगल्या जागा कुणी कुणाला सांगत नसे. ससा रविवारी ताटात येई, कातडं विकलं जाई आणि खुराड्याखालची लेंडी, मूत, पेंढा असं सगळं बटाट्याच्या वाफ्यात जाई. “टाकायचं म्हणून काही नव्हतंच,” आजोबा म्हणाले. “टाकायला आधी जास्तीचं काहीतरी असावं लागतं.”

त्या काळात आणखी एक शब्द रूढ होता: छपरावरचा ससा. म्हणजे मांजर. सोललेलं मांजर ससा म्हणून गळ्यात मारलं जाई, म्हणून गिऱ्हाईक पंजा शाबूत असलेलाच ससा मागत असे.

लहान प्राणी पाळणाऱ्यांच्या मंडळांची जर्मनीतली परंपराही जुनी. ग्योर्लित्स गावात रोबर्ट ओएटेल या व्यापाऱ्यानं १८५२ साली कोंबड्यांच्या शौकिनांची संस्था काढली आणि तिथून गावोगावी अशी मंडळं झाली. सशांची वजनं, कानांची लांबी, रविवारची प्रदर्शनं, चषक. आजोबांच्या कपाटात असे तीन चषक आहेत. त्यांतल्या एकात ते बटणं ठेवतात.

मग हे खत कचरा केव्हा झालं? मला तीन टप्पे दिसतात. पहिला प्रयोगशाळेतला. युस्टुस लीबिशनं १८४० साली शेतीच्या रसायनशास्त्रावर ग्रंथ लिहून पिकाला नेमकं काय लागतं ते मांडलं. पुढं १९१३ साली ओपाऊला हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवणारा कारखाना सुरू झाला. आमची नेकार मानहाइमला ऱ्हाइनला मिळते, तिथून तो पैलतीरावर. शेणाचा भाव आमच्याच नदीच्या तोंडाशी उतरला म्हणायचा. गोणीतलं खत हलकं, मोजून देता येणारं, वास नसलेलं. पाठीवर टोपली कोण घेणार?

दुसरा टप्पा जमीन सुटण्याचा. कामगार खेड्यातून इमारतीत आला, गुंठा विकला गेला, ससा ताटातून उठून मुलांच्या खोलीत गेला. त्याला नाव मिळालं, पिशवीतला भुसा मिळाला आणि त्याच्या लेंडीचा वाफा गेला. तिसरा टप्पा कायद्याचा. गावागावांत मिळून पश्चिम जर्मनीत सुमारे ५०,००० कचराखड्डे होते. १९७२ च्या कचरा कायद्यानं ते बंद होत गेले आणि मोठ्या, देखरेखीखालच्या जागा आल्या. ते योग्यच झालं, विहिरींचं पाणी वाचलं. पण त्या दिवसापासून लेंडीही डब्याच्या, गाडीच्या आणि बिलाच्या हिशेबात आली. पुढं लोकांना चूक कळली, आणि १९८३ साली वित्सेनहाउझेन गावात ओल्या कचऱ्याचा वेगळा डबा करून पाहिला गेला. ओला कचरा वेगळा गोळा करणं देशभर बंधनकारक झालं २०१५ पासून. जे आजोबांची आई फावड्यानं करत होती, त्याला पुन्हा कायद्याच्या पोटात जागा मिळायला इतकी वर्षं लागली. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. इथल्या उकिरड्याला जरा जास्तच लागली.

आमच्याकडं ते पांग कधी नव्हतेच. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात जत, कवठेमहांकाळकडचे धनगर मेंढरं घेऊन येत. आण्णा त्यांच्याशी बोलणी करत: किती रात्री, किती मेंढरं, किती ज्वारी. रिकाम्या रानात जाळीचं वाडगं उभं राही, मेंढरं रात्रभर त्यात बसत आणि दुसऱ्या रात्री वाडगं दहा पावलं पुढं सरके. सकाळी काळ्या लेंड्यांचा चौकोन दिसे, सारवल्यासारखा. रान बसवणं म्हणायचं त्याला. आरेवाडीच्या बिरोबाची यात्रा करून आलेला म्हातारा धनगर अंगणात बसून आज्जीला ताक मागायचा. याच बिरोबा-खंडोबावर १९७६ मध्ये जर्मन भाषेत मोठा अभ्यासग्रंथ लिहिणारे ग्युंटर सोंथायमर इथल्याच राज्यातल्या उल्मचे. पुण्यात राहून मराठी शिकलेला आणि धनगरांबरोबर हिंडलेला हा माणूस नेकारच्या काठी हायडेलबर्गला शिकवत असे. आमच्या लेंड्यांच्या वाटेनं इकडचा माणूस तिकडं जाऊन आला होता. मीच उशिरा आले.

आता द्राक्षबागेसाठी आण्णा लेंडीखत ट्रॉलीनं विकत घेतात. एप्रिलच्या खरड छाटणीच्या सुमारास ते वेलींजवळच्या चरात पडतं. म्हणून वरचे आजोबा आमची पोती आपल्या वाफ्यासाठी न्यायला तयार झालेत हे सांगितल्यावर आण्णांचा पहिला प्रश्न आला, “कुजवलंय का? कच्चं घालू नका, हुमणी लागंल.”

आजोबांचा प्रश्न वेगळा होता. लेंडी कच्ची असली तरी ती एवढी जहाल नसते, पण भुसा? लाकडाचा भुसा सावकाश कुजतो आणि कुजताना जमिनीतलाच नत्र खातो, तेव्हा वर्षभर तरी तो वाफ्याला देण्याऐवजी वाफ्याकडून घेत राहतो. त्यांनी हुकूम सोडला: भुसा बंद, चिरलेला पेंढा वापरा. आम्ही बदललो. पेंढा ओल कमी शोषतो, म्हणून गादी आता आठवड्यातून दोनदा बदलते. पोती तीन झाली. पण त्यांपैकी एकही डब्यात जात नाही.

शॉयरबर्गच्या पायथ्याशी आजोबांचा एक चिंचोळा तुकडा आहे, त्यात बटाटे, आलूबुखाराचं एक झाड आणि बापानं लावलेल्या वेलींची एक ओळ. शनिवारी दुपारी ते जुन्या सायकलीच्या कॅरियरला पोतं बांधतात. मी मागून दुसरं घेऊन चालते. तिथं तीन फळ्यांच्या कप्प्यांत ढीग आहेत, यंदाचा, गेल्या वर्षीचा आणि वापरायचा. तिसऱ्यात हात घालून त्यांनी मला मूठभर माती दाखवली. काळी, भुसभुशीत, लेंडीचा वास नाही. त्यात एक पेंढ्याची काडी अजून तशीच होती.

गेल्या सप्टेंबरात त्यांनी रिकामी पोती परत आणून दिली, घडी घालून. मी घेतली आणि ती जड लागली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले काळ्या द्राक्षांचे दोन घड होते. “रिकामं कसं द्यायचं?” असं ते म्हणाले, अगदी आमच्या आज्जीनं ताकाचं भांडं परत करताना म्हणावं तसं.

आण्णांना फोटो पाठवला. त्यांनी बराच वेळ मोठा करून पाहिला असावा. मग उत्तर आलं: “मणी बारीक हायेत. विरळणी करा म्हनावं.”